न मागता वाढलेलं : भारतातला कॉल आणि राउटरमधलं डिफॉल्ट

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भारतात फोन करायची एक वेळ ठरलेली असते. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे सात. आजोबांचा चहा झालेला असतो, इकडची जेवणं आटपलेली असतात. पाच मिनिटं सगळं छान चालतं आणि मग आजीचा चेहरा अर्ध्या हसूवर थिजतो. "ऐकू येतंय का?" दोन्हीकडून एकदमच विचारलं जातं, मग दोन्हीकडचे एकदमच गप्प बसतात. शेवटी "जाऊ दे, उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला जातो.

दोष "तिकडच्या नेट"ला देऊन आपण मोकळे होतो. बरेचदा तो तिकडे नसतोच. तो आपल्याच घरात, टीव्हीमागे धूळ खात बसलेल्या डब्यात असतो. डबाही बिघडलेला नसतो. त्याच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोणीतरी, कधीतरी एक आकडा ठरवून ठेवलेला असतो आणि तो आपल्यापर्यंत न मागता आलेला असतो.

अशा आकड्याला डिफॉल्ट म्हणतात. मराठीत त्याला "पूर्वनिर्धारित" असा सरकारी वळणाचा शब्द आहे, पण मला त्यापेक्षा पंगत जवळची वाटते. पान मांडलं की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला येऊन पडतात. कोणी विचारत नाही, कोणी मागत नाही. नको असेल तर बाजूला सारायची मुभा असते, पण सारतो कोण? घरच्या राउटरचं तसंच आहे. विकत आणला, दिवा हिरवा झाला, विषय संपला. आत जे वाढलेलं असतं तेच आपण वर्षानुवर्षं जेवतो. म्हणून हे पान कोण वाढतं आणि काय विचार करून वाढतं, याला महत्त्व आहे.

२०१० साली जिम गेटीज बेल लॅब्जमध्ये काम करत होते. युनिक्सच्या पडद्यावर खिडक्या आणणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ कर्त्यांपैकी ते एक, आणि वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं ते लिहिणाऱ्यांपैकीही एक. घरून एखादी मोठी फाइल पाठवायला लावली की बाकीचं सगळं नेट मंदावतं आणि मुलं तक्रार करतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ते आपल्याही लक्षात येतं. आपण राउटरची वायर काढून पुन्हा लावतो. गेटीज यांनी मोजायला घेतलं. एरवी काही मिलिसेकंदांत जाऊन येणाऱ्या पॅकेटला फाइल चालू असताना एका सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. जोडणी कुठेही तुटलेली नव्हती. पॅकेटं फक्त रांगेत उभी होती. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं "बफरब्लोट". बफर म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची जागा, आणि ब्लोट म्हणजे तिला आलेली सूज.

ही सूज कशी आली ते कळायला थोडं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग एकाएकी कोसळला. दोन्ही जागांमधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी त्याचं कारण शोधलं. प्रत्येक संगणक हरवलेलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि गर्दी वाढवत होता. उपाय असा निघाला की पॅकेट हरवलं तर पाठवणाऱ्याने ती गर्दीची खूण समजावी आणि हात आवरता घ्यावा. हा बदल बर्कलीच्या बीएसडी युनिक्समध्ये घातला गेला. ते इतरांना नमुन्यासारखं होतं, त्यामुळे बदल जगभर पसरला. कोणाला काही जुळवावं लागलं नाही. इंटरनेट आजही याच समजुतीवर उभं आहे.

म्हणजे पॅकेट हरवणं हा दोष नाही, तो निरोप आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणं बनवणाऱ्यांना वाटलं की पॅकेट हरवू देणं म्हणजे नामुष्की. त्यांनी थांबायची जागा मोठी केली, मग आणखी मोठी केली. रांग कितीही वाढली तरी कोणी बाहेर पडेना. निरोपच बंद झाला, आणि पाठवणारा आपला पाठवतच राहिला.

लिनक्समध्ये एथरनेटच्या रांगेची लांबी किती, याचा वर्षानुवर्षं चालत आलेला डिफॉल्ट आहे १००० पॅकेटं. पहिला आला तो पहिला गेला, अशी साधी रांग. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं धरलं तर भरलेल्या रांगेत एक कोटी वीस लाख बिट होतात. गिगाबिटच्या तारेवर ही रांग १२ मिलिसेकंदांत रिकामी होते, कोणाला कळतही नाही. तीच रांग २ मेगाबिट अपलोडच्या जोडणीसमोर लागली तर रिकामी व्हायला ६ सेकंद लागतात. मोठ्या कार्यालयाच्या सर्व्हरसाठी आकडा शहाणा होता, पण त्याच कर्नलवर उभा असलेला घरगुती राउटर त्याच आकड्याने गुदमरला.

इथे आपला, म्हणजे भारतात फोन करणाऱ्यांचा, खास प्रश्न सुरू होतो. न्यू जर्सीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन यायला किमान १२५ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या पुढेच. हा विलंब निसर्गाचा आहे, कोणत्याही कंपनीला जादा पैसे देऊन तो घटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जुन्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण नैसर्गिक वाटतं, आणि ४०० च्या पुढे गेला तर बोलणं कठीण होतं. ओहायोतल्या बहिणीशी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशात त्यातले शंभरावर मिलिसेकंद शिल्लक असतात, तो घरच्या रांगेत थोडे उधळू शकतो. आपला खिसा समुद्रातच रिकामा झालेला असतो. त्यात टेबलावरचा आयफोन आरतीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागला की आपण चारशेची रेघ सहज ओलांडतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. गेम खेळणारी घरातली मुलं याला लॅग म्हणतात आणि त्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

मग हा दोष आधीच दुरुस्त का झाला नाही? उपाय तर जुना होता. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्येच एक पद्धत मांडली होती. रांग पूर्ण भरण्याची वाट न बघता आधीच काही पॅकेटं टाकून द्यायची, म्हणजे निरोप वेळेत पोचतो. १९९८ मध्ये इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी ती सगळीकडे वापरावी अशी शिफारसही केली. पण तिला जुळवणी लागायची. प्रत्येक जोडणीचा वेग, तिथली गर्दी बघून तीन-चार आकडे ठरवायचे, आणि चुकले तर आधीपेक्षा वाईट अवस्था. ज्या गोष्टीला घरोघर जाऊन जुळवावं लागतं ती डिफॉल्ट होऊ शकत नाही, आणि जी डिफॉल्ट नाही ती जवळपास अस्तित्वातच नाही. पद्धत बहुतेक राउटरमध्ये बंद पडून राहिली.

माझ्या मते या कथेतलं सगळ्यात मोठं काम गणिताचं नव्हे, वाढप्याचं आहे. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांनी "कोडेल" ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचा रोख असा, की वापरणाऱ्याला काही जुळवावं लागू नये. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं एवढंच बघते. तो वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर पॅकेट टाकायला सुरुवात. आकडे दोनच, आणि ते जगातल्या बहुतेक अंतरांना चालतील असे निवडलेले. १० ते ३०० मिलिसेकंदांच्या फेरीला हे आकडे उत्तम काम देतात, असं या पद्धतीच्या अधिकृत दस्तऐवजातच म्हटलेलं आहे. आपली मुंबईची फेरी त्यात बसते.

त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी ती लिनक्सच्या कर्नलमध्ये घातली आणि तिला "फेअर क्यू"ची जोड दिली. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर वऱ्हाडाची साठ तिकिटं काढणारा पुढे असेल, तर मागे एकच तिकीट हवं असलेल्या माणसाचा दिवस जातो. इथे वेगवेगळ्या प्रवाहांना १०२४ वेगळ्या रांगा मिळतात आणि प्रत्येकीतलं थोडं थोडं पुढे सोडलं जातं. फोटोंचं वऱ्हाड त्याच्या रांगेत थांबतं, आजीच्या आवाजाचं बारीकसं पॅकेट पुढे निघून जातं. या जोडीचं नाव "एफक्यू-कोडेल".

पद्धत कर्नलमध्ये आली म्हणजे ताटात आली असं नाही. ती कोठारात आली. पानावर घ्यायची की नाही हा निर्णय वेगळा होता, आणि तो मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघड्यावर, नावानिशी होतो. संगणक सुरू करण्याचं काम बघणाऱ्या सिस्टिमडी या प्रकल्पाने २०१४ मध्ये आपल्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालून एफक्यू-कोडेलला डिफॉल्ट केलं. ज्या लिनक्स वितरणांनी ती फाइल जशीच्या तशी घेतली, त्यांच्या वापरकर्त्यांची रांग एका रात्रीत बदलली आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. खुद्द कर्नलचा मूळ डिफॉल्ट मात्र जुनी साधी रांगच राहिला. त्यामागे भूमिका आहे. कर्नल घड्याळापासून महासंगणकापर्यंत सगळीकडे चालतं, तिथे घरगुती राउटरची सोय सगळ्यांवर का लादायची? मला ही भूमिका समजते, पटत नाही. जो जुळवू शकतो त्याच्यासाठी डिफॉल्ट नसतोच. तो असतो जुळवू न शकणाऱ्यासाठी. महासंगणकाजवळ पगारी माणूस बसलेला असतो. आपल्या टीव्हीमागे कोणी बसत नाही.

घरगुती राउटरपर्यंत हे पोचवण्याचा ध्यास घेतला डेव्ह टाट यांनी. २०११ पासून गेटीज आणि इतर स्वयंसेवकांबरोबर त्यांनी "सेरोडब्ल्यूआरटी" नावाची राउटरची प्रायोगिक सिस्टिम चालवली. तिथे पारखलेल्या गोष्टी मग "ओपनडब्ल्यूआरटी" या मोठ्या प्रकल्पात गेल्या. व्याख्यान देताना टाट श्रोत्यांनाच पॅकेटं बनवून रांगेत उभं करत. पुढे राउटरमधल्या वायफायच्या आतल्या रांगेलाही हाच उपाय लागू झाला. १ एप्रिल २०२५ रोजी टाट गेले. त्यांचं नाव आपल्या घरात कोणाला ठाऊक नसेल, पण त्यांच्या खटपटीतली ओळ कोट्यवधी यंत्रांत चालू आहे.

डिफॉल्टने किती फरक पडतो याचा एक नैसर्गिक प्रयोग याच देशात झाला. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरून काम करू लागले तेव्हा कॉमकास्टच्या एका प्रकारच्या गेटवेची दोन रूपं लोकांच्या घरी होती. एकात रांग आटोक्यात ठेवणारी अशीच एक पद्धत चालू होती, दुसऱ्यात ती त्या वेळी नव्हती. ग्राहकांना आपल्याकडे कोणतं आहे ते माहीत नव्हतं, त्यांनी निवडलंही नव्हतं. कंपनीने पुढच्या वर्षी मोजमाप प्रसिद्ध केलं. अपलोड जोरात चालू असताना पहिल्या गटाचा विलंब १५ ते ३० मिलिसेकंद होता, दुसऱ्याचा २५० च्या आसपास. मुंबईच्या कॉलमध्ये २५० मिळवून बघा.

वाढप्याने उदार व्हावं असं मात्र नेहमीच नाही. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने त्या काळच्या इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प केले. तो आत शिरला त्या वाटांपैकी एक वाट बीएसडी युनिक्सच्या सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रॅममधली होती. चाचणीच्या सोयीसाठी ठेवलेलं "डीबग" नावाचं दार अनेक ठिकाणी उघडंच पाठवलं गेलं होतं. ते बंद करायचं कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून ते उघडं राहिलं. त्याच महिन्यात पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांना तोंड देणारं पहिलं केंद्र सुरू झालं. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने बसवलं की वर्षानुवर्षं बहुतेक राउटरवर वायफाय बंदच मिळायचं, आणि नवखे लोक वैतागायचे. कारण सरळ आहे. नव्या यंत्राला अजून पासवर्ड नसतो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी दार उघडं टाकण्यापेक्षा मालकाला एकदा तारेने जोडायला लावलेलं बरं. रांगेच्या बाबतीत सोय वाढायची, दाराच्या बाबतीत आवरायची. एकच तत्त्व धरून सगळी डिफॉल्टं ठरत नाहीत.

ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं ते लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या डब्यामुळे. अनेकांच्या तळघरात तो अजून असेल. त्यात लिनक्स होतं आणि लिनक्सचा परवाना सांगतो की वाटलंत तर मूळ संहिताही द्या. लोकांनी आग्रह धरला, २००३ मध्ये संहिता बाहेर आली आणि पुढच्या वर्षी प्रकल्प सुरू झाला. हा हक्क पुढे धोक्यातही आला होता. रेडिओ लहरींचे नियम मोडले जाऊ नयेत म्हणून राउटरचं सॉफ्टवेअर कुलूपबंद करावं, अशा अर्थाचे एफसीसीचे नियम येऊ घातले. तेव्हा २०१५ मध्ये टाट, इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी एफसीसीला पत्र लिहून विरोध केला. पुढच्या वर्षी टीपी-लिंकला एफसीसीने दोन लाख डॉलर दंड केला, तो ठरल्यापेक्षा जास्त ताकदीने प्रक्षेपण होऊ दिल्याबद्दल; पण त्याच तडजोडीत बाहेरचं मुक्त सॉफ्टवेअर चालू द्यायला मदत करण्याचं कंपनीने मान्य केलं. दंड आणि मोकळीक एकाच कागदावर, असं क्वचित बघायला मिळतं.

आता घरचं. एक अडचण अशी की एफक्यू-कोडेल राउटरमध्ये असूनही उपयोग होईलच असं नाही. रांग साचते ती सगळ्यात अरुंद जागी, आणि ती जागा बहुधा राउटर नसून कंपनीचा मोडेम असतो. राउटरने मुद्दाम मोडेमपेक्षा थोडं हळू पाठवलं तर रांग राउटरमध्ये येते आणि तिथे ती नीट सांभाळली जाते. यासाठी राउटरला तुमच्या जोडणीचा वेग सांगावा लागतो, आणि तो वाढपी ठरवू शकत नाही, कारण तुम्ही कोणता प्लॅन घेतलाय ते त्याला माहीत नाही. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीतही "एसक्यूएम" हा भाग आपण होऊन बसवावा आणि चालू करावा लागतो. मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरायचा, आणि पद्धत म्हणून "केक" निवडायची; ती एफक्यू-कोडेलचीच पुढची पिढी आहे, २०१८ पासून कर्नलमध्ये आहे. स्पीड टेस्टचा आकडा थोडा घटतो. दुकानातले राउटर त्या आकड्यावर विकले जातात, तेव्हा हे तिथे आपण होऊन चालू करून मिळण्याची आशा नको. काही राउटरमध्ये हेच "क्यूओएस" नावाने असतं, पण त्या नावाखाली काहीही खपतं. आत एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल असा उल्लेख आहे का ते बघा.

चाचणी आधी घ्या, मग खर्च करा. मॅकवर २०२१ पासून टर्मिनलमध्ये "नेटवर्कक्वालिटी" ही आज्ञा आहे (सलग, मधला क्यू मोठा). ती जोडणी पूर्ण भरून मग मिनिटाला किती फेऱ्या होतात ते सांगते. "लो" आलं तर प्रश्न रांगेचा आहे. मॅक नसेल तर भारतात कॉल चालू असताना मुलाला एक मोठा व्हिडिओ अपलोड करायला सांगा आणि मध्येच थांबवा. चित्र लगेच मोकळं झालं तर दोष आजीच्या नेटचा नव्हता. दोन्ही बाजूंना फायबर असेल आणि अपलोडही शेकडो मेगाबिटचं असेल, तर बहुधा काहीच करावं लागणार नाही.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी हीच चाचणी तिकडच्या घरीही करावी. तिथे बरेचदा कंपनीनेच बसवलेला फायबरचा डबा दाराजवळ असतो आणि आजी-आजोबांचा आयपॅड दोन भिंती पलीकडे, आतल्या खोलीत. आधी आयपॅड डब्याशेजारी नेऊन एक कॉल करून बघा. मगच बॅगेत राउटर भरायचा की नाही ते ठरवा.